पेन थांबलं की

पेनाचं टोक कागदाला टेकलेलं होतं आणि दोन डोळे त्या टोकाला चिकटले होते — प्रश्नाला नाही, कागदाला नाही, टोकाला. हे लक्षात यायला तिला अर्धं वर्ष लागलं होतं, आणि आल्यापासून स्वतःचाच हात परक्याचा वाटायला लागला होता.

ती नववीच्या वर्गातली सहायक शिक्षिका, मुलांची ताई. शेजारी बसलेली मुलगी म्हणजे रेडिओ. हे नाव वर्गानं ठेवलेलं, कारण डोकं चालतं आणि जीभ त्याहून जोरात. पण लिहायला बसली की अक्षरं जागेवर राहत नाहीत, म्हणून परीक्षेत ताई तिची लेखनिक. रेडिओनं सांगायचं, ताईनं लिहायचं; सांगितलं तेवढंच, चुकलं तर चुकीचंच. ताईनं पदरचा एक शब्द कधी घातला नव्हता, हे ती कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगू शकली असती. फक्त उत्तर चुकलं की पेन किंचित थांबायचं... आणि रेडिओ लगेच म्हणायची, "नाही नाही ताई, ते खोडा."

सहामाहीला अठ्ठावन्न गुण पडले. ताईनं घरी जाऊन आईला सांगितलं, जणू स्वतःच पास झाली होती. मग विज्ञानाच्या सरांनी त्यातलाच एक प्रश्न फळ्यापाशी विचारला. रेडिओनं एक उत्तर दिलं, दुसरं दिलं, तिसरं दिलं, आणि मागे वळून ताईचा हात शोधला. हात मांडीवर रिकामा होता. वर्ग हसला. पोरं हसायचीच, त्याचं काही नाही — पण ती शोधणारी नजर! ती ताईच्या मानगुटीवर बसली ती बसलीच.

आज वार्षिक. "पस्तीसच्या खाली आली तर तिला वेगळ्या वर्गात घालावं लागेल," मुख्याध्यापिका काल म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघत होत्या. मग थांबलं जरासं पेन तर कुणाचं काय जातं? क्षणभर तर... नाही. शेंडी तुटो की पारंबी, मी थांबणार नाही. पोरीला पास करायचं तर तिच्या डोक्यानं, माझ्या बोटांनी नव्हे.

"लाकडाचा ठोकळा पाण्यावर तरंगतो," रेडिओ म्हणाली, "कारण तो हलका असतो."

चूक. ताईच्या अंगठ्याला घाम आला. पेन चालत राहिलं — कारण... तो... हलका... असतो — आणि पूर्णविराम देऊनच वर उचललं गेलं.

"बरोबर आहे का, ताई?"

"पुढे काय लिहू?"

एवढंच बोलायची मुभा होती. रेडिओनं टोकाकडे बघितलं, ताईच्या तोंडाकडे बघितलं, दोन्हीकडे काही नव्हतं. दोन गुण गेले, ताईनं मनात म्हटलं. पुढच्या प्रश्नाकडे बोट नेता नेता रेडिओ मध्येच अडली. नजर समोरच्या बाकातून वर आलेल्या खिळ्यावर गेली होती.

"पण खिळा तर ठोकळ्याहून हलका... आणि तो बुडतो की."

हे उत्तर की प्रश्न? लिहायचं की नाही? ताईनं पेन कागदापासून बोटभर वर धरलं. रेडिओ तिकडे बघतच नव्हती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ही आता काय बोलणार हे ताईला वर्षभरात पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं, आणि भीती वाटत असूनही तिला घाई नव्हती.