चिठ्ठी हिरवी, बाटली लाल

१९७० च्या पावसाळ्यात कोल्हारच्या आसपास पोरांच्या हगवणीवरच्या नव्या औषधाची चाचणी झाली. लाल बुचाच्या आणि हिरव्या बुचाच्या बाटल्या, मोजून आलेल्या. एकीत जुनं औषध, दुसरीत नवं. कोणतं कुठं, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. तो कागद नगरला कपाटात बंद. गोजरबाई सुईणीनं आजारी पोराच्या नावानं चिठ्ठी काढायची, निघेल त्या रंगाची बाटली द्यायची. मी वजन करायचो आणि दिलेल्या बाटलीचा रंग वहीत लिहायचो. डॉक्टरांना पोरांचे नंबर पाठ, गोजरबाईला नावं.

दिवाळीला बेरीज लागली. हिरवी घेतलेली त्रेचाळीस, नऊ गेली. लाल एक्केचाळीस, चार गेली.

"हिरवं बंद," डॉक्टर म्हणाले.

मला मेली खोड, बेरजेखाली काय दडलंय ते बघायची. पहिल्या दिवशीची वजनं काढली. हिरव्यातली पोरं औषधाआधीच सरासरी पाऊण किलोनं हलकी! चिठ्ठी काही हाडकुळी पोरं वेचत नाही.

गोजरबाई ओट्यावर शेंगा फोडत होती.

"मावशी, बाटल्या बदलल्या?"

"बदलल्या की. हिरव्यानं प्वार दुसऱ्या दिशी डोळं उघडतंय, हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. मग मरायला टेकल्यालं सोडून गुबगुबीताला हिरवी देऊ? तुमच्या चिठ्ठीला काय दिसतंय, भाऊ?"

"दिसत नाही म्हणून तर काढायची. तुम्ही मरायला टेकलेली सगळी हिरव्यात घातली, आता हिरवंच मारकं ठरलं. पुढच्या साली कुणालाच मिळायचं नाही."

तिनं शेंगा बाजूला सारल्या. मी वही उघडली.

"कुणाची चिठ्ठी कोणती, ते सांगा. पोरं चिठ्ठीप्रमाणं परत लावून बघू."

चिठ्ठ्या चुलीत गेल्या होत्या. पण नावं तोंडपाठ. मुबारकबीचा रज्जाक, चिठ्ठी लाल, दिली हिरवी, वाचला. अशी अठरा झाली. मी वही मिटायला लागलो.

"एक ऱ्हायलं," ती म्हणाली. "चांगुणा. माझी नात. चिठ्ठी हिरवी. लई धडधाकट हुती, म्हनून तिची बाटली रज्जाकला दिली. तिला लाल."

लालमधल्या गेलेल्या चौघांत ती होती. नियमानं तिला हिरव्यात न्यायचं, म्हणजे तिचं मरणही हिरव्याच्याच नावावर.

"त्येच्यावर कशापायी? तिनं हिरवं चाखलं बी न्हाई!"

"चिठ्ठी हिरवी होती, मावशी."

तिनं टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "लिवा."

बेरीज पुन्हा मांडली. चिठ्ठीनं दोन्हीकडे बेचाळीस. हिरव्यात सहा गेली, लालमध्ये सात. हिरवं मारकं नाही, पण गुणाचं म्हणायलाही आधार नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या पावसाळ्यात छबूबाईनं पोरगी आणली, काटकीसारखी. गोजरबाईनं चिठ्ठी काढली. लाल. तिचा हात हिरव्या बुचावर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी वजनकाट्याकडे.

तिनं लाल बाटली छबूबाईच्या ओंजळीत ठेवली आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो लवकर निघेना.