खांद्याच्या वर नको

सर गेले, पण खोलीतून काही हलले नव्हते. दुखापतीतून उठणाऱ्यांना व्यायाम आखून देणं हे त्यांचं काम, आणि आता ते त्यांच्या मुलीकडे आलं होतं. सकाळी खोली उघडून तिने भिंतीवरच्या लाकडी शिडीला हात लावला, की तिची पायरी कोमट लागायची. नुकतीच कुणीतरी धरून सोडल्यासारखी. पेशंट आठ-नऊ मोजत आला, की तिच्या पाठीमागे कुणीतरी हलकंसं खाकरायचं. ती वळून बघत नसे. बघितलं तर बंद होईल, अशी तिला धास्ती.

सरांच्या हातचे पेशंट बहुतेक अखेरच्या टप्प्यातले होते. एकेक करत बरे होऊन गेले. नव्यांचे तक्ते तिने स्वतः लिहिले, नीट, विचार करून. जुन्यांपैकी उरली एकटी शिंपीणबाई. खांद्याचा तुटलेला स्नायू ऑपरेशन करून जोडलेला. "जन्मभर लोकांचे कपडे शिवले," ती सांगायची, "शेवटी डॉक्टरांनी मलाच शिवलं." तिच्या फाइलीत सरांचं शेवटचं पान होतं : पिवळा रबरी पट्टा, दहाच्या दोन फेऱ्या, हात खांद्याच्या वर नको. गेले चार महिने ते पान अक्षरशः पाळलं जात होतं.

त्या मंगळवारी शिंपीणबाई आली ती फणफणतच.

"मोठ्या डॉक्टरांनी झापलं मला. म्हणाले, टाके कधीच जुळलेत, खांदा आखडलाय तुमचा. महिन्याभरात हात वर गेला नाही, तर पुन्हा भूल देऊन मोकळा करावा लागेल. ताई, मी पुन्हा त्या टेबलावर नाही हं झोपायची!"

"पण बाबांनी लिहिलंय..."

"लिहिलंय ना, पण कधी?"

तिने फाइल उघडली. वरच्या ओळी पाठ होत्या, म्हणून ते पान तिने कधी तळापर्यंत वाचलंच नव्हतं. तळाशी, घाईत लिहिलेलं : तीन आठवड्यांनी तपासून पुढचा टप्पा. शेजारी त्या तपासणीची तारीख. त्या तारखेला बाबांना जाऊन चार दिवस झाले होते.

पुढचा टप्पा कधीच यायला हवा होता, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. टाके जुळेपर्यंतच खांदा जपायचा असतो, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. पण पुढचा टप्पा लिहायचा म्हणजे बाबांच्या अक्षरावर काट मारायची. मग त्यांच्या शब्दावर चालणारं या खोलीत कुणीच उरलं नसतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमची नाही, त्यांचीही नाही. मला ते पान बदलवेना."

शिंपीणबाईने फाइलीवर बोट ठेवलं. "म्हणजे सर गेले, आणि माझा हात दिलात त्यांच्या सोबतीला?"

तिने मान खाली घातली.

"आता रडत बसू नका बाई. सांगा काय करू ते."

तिने शिंपीणबाईला पाठीवर झोपवलं, एक तळवा कोपराखाली, दुसरा खांद्यावर ठेवला आणि हात सावकाश वर न्यायला सुरुवात केली. खांद्याच्या रेषेशी तो अडला.

"आई गं! थांबवा!"

ती थांबली. पाठीमागे कुणीतरी आता सांगेल, पुढे ने किंवा सोड, म्हणून तिने कान टवकारले. खोलीत शिंपीणबाईचा श्वास तेवढा होता.

"टोचतंय की ओढतंय?" तिने विचारलं.

"ओढतंय. घट्ट शिवण ताणावी तसं."

"मग जरा सोसा. टोचलं तर लगेच सांगा." तळव्याखाली स्नायू थरथरत होता, पण हळूहळू सैल पडत होता. हात रेषेच्या वर चढला. बोटभर. मग आणखी बोटभर.

शिंपीणबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानात गेलं. "उद्यापासून रोज येते," ती म्हणाली. "पण ताई, माझे चार महिने कोण भरून देणार?"

तिने कोपराखालचा तळवा काढला नाही.