बमरोलीच्या चाळीतला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे. माझा जन्म सुरतेतल्या बमरोलीचा. श्रीपत आणि सोनाबाईंना पहिली मुलगी झाली, वृषाली, तेव्हा बळीराम सुताराने मला घडवलं. आठ वर्षांनी माझ्यात तिचा भाऊ बुद्धभूषण, म्हणजे सगळ्यांचा भूषण, झोपू लागला.

त्याच वर्षी, १९९४ साली, सुरतेत प्लेगची साथ आली. माणसं गाठोडी उचलून गावाकडे पळाली. श्रीपत आणि सोनाबाईंना तापातच दवाखान्यात नेलं. ती दोघं परत आलीच नाहीत.

भूषण भुकेने रडत होता आणि वृषाली मला नुसते झोके देत होती. चाळीत उरलेली माणसं दारादारांत उभी होती. आत यायला कुणी धजत नव्हतं. समोरच्या मंगलाबाईच्या कडेवर तिचं स्वतःचं तान्हं होतं. तिचा नवरा राघो घाबरून म्हणाला, "अगं, जरा थांब!"

"डॉक्टरनी सगळ्यांना गोळ्या दिल्या ना? मग आता कशाला थांबू?" आपलं मूल त्याच्या हाती देऊन ती उंबरा ओलांडून आली आणि भूषणला तिने पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. मी साधं लाकूड, पण त्या शांततेने माझ्या कड्यासुद्धा थरारल्या.

साथ ओसरल्यावर खानदेशातून मुलांचे काका पंडित आले. त्यांच्या घरात चार मुली होत्या. "मुलाला नेतो. मुलीला एखाद्या आश्रमात ठेवू," ते ओशाळून म्हणाले. वृषालीने माझी दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली.

मंगलाबाई पुढे आली आणि त्यांच्याच खानदेशी बोलीत म्हणाली, "भाऊ, बहीण-भाऊले तोडू नका. दोन्ही पोरं आठेच, या चाळीतच राहतीन."

"आज म्हणता, पण रोज कोण बघणार?"

"थोडे दिवस आठेच ऱ्हा. आपल्या डोळानी देखा."

काका राहिले, आणि मीही बघत राहिलो. मला उचलून मंगलाबाईच्या खोलीत नेलं होतं. कापड रंगवायच्या कारखान्यात रातपाळी करून आलेला राघो निजण्याआधी माझी दोरी ओढायचा. निळ्या रंगाने माखलेली त्याची बोटं किती हलकी होती! तो झोपला की शेजारची सुषमा येई. शाळेला निघालेल्या वृषालीची वेणी पलीकडच्या खोलीतली शांताबाई घालायची आणि गणित चाळीतलाच भूपेंद्र शिकवायचा. कारखान्याच्या पाळ्यांमुळे त्या चाळीत कुणी ना कुणी सतत जागं असे. कुणी कुणाला सांगत नव्हतं, तरी पाळणा कधी थांबला नाही.

निघताना काकांचे डोळे भरून आले. "आमच्या एका घराला जमलं नसतं हे," एवढंच ते म्हणाले. नंतर दरवर्षी ते ज्वारीचं पोतं घेऊन पोरांना भेटायला येत.

भूषण मोठा झाला, शाळेत गेला. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण आहे?" त्याने चाळीच्या पहिल्या खोलीपासून नावं सांगायला सुरुवात केली. मधली सुट्टी झाली तरी त्याची नावं संपेनात! बाईंकडून कळलेलं हे वृषालीने घरी सांगितलं तेव्हा मंगलाबाई पदरात तोंड लपवून हसली, आणि मग कितीतरी वेळ रडली.

मित्रांनो, तुमच्या शेजारी एखादं एकटं मूल असेल, तर कुणीतरी जाईल म्हणून दारात उभे राहू नका. आत जा. त्याला तुमच्यात घ्या.