शिंप्याने तेल पाजलेला कॅमेरा

मालकीण वारून तीन आठवडे झाले होते. लेक भिंतीवर लावायला आईचा फोटो शोधत होती. कपाट झाले, ट्रंक झाली, सगळे अल्बम उलटेपालटे झाले. त्यांत सारा गोतावळा होता, फक्त आई नव्हती. तिचा चेहरा कोणीच जपून ठेवला नाही, हे घराला त्या दिवशी कळले. ठेवणार तरी कसा? ती कायम माझ्या मागे उभी असायची.

मित्रांनो, मी तिचा कॅमेरा आहे, रीळ घालून चालणारा, जुना. लग्नाआधीपासून तिच्या हातात होतो. पुढे मोबाईल आले आणि मी चादरींखाली गेलो. तरी ती अधूनमधून मला काढून पुसायची, एखादा फोटो घ्यायची. माझ्या डोक्यावरचा फोटो मोजणारा आकडा तेवीसवर थांबला होता. म्हणजे पोटात रीळ होते.

त्यात कुठेतरी, आरशात का होईना, ती सापडेल असे मालकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वाटले. मालक शिंपी. माझे बटण जड लागले म्हणून त्यांनी शिवणयंत्राचे तेल घातले. जन्मभर प्रत्येक कुरकुरीवर त्यांनी हाच इलाज केला होता. माझ्या शटरच्या पात्या एकमेकींना चिकटल्या आणि मी पार मुका झालो.

"मास्तर, हे काय शिलाई मशीन आहे तेल पाजायला?" कॅमेरे दुरुस्त करणारा म्हातारा दुरुस्तीवाला म्हणाला. उजेडात झाकण उघडले तर रिळावर होते नव्हते तेही जाईल, असे त्याने बजावले. त्याचे हात कापायचे, बारीक काम आता जमत नव्हते.

"मग तुम्ही सांगा, मी करतो," मालक म्हणाले.

त्यांनी काळ्या कापडाची दुहेरी पिशवी शिवली. तिला हात घालायला इलॅस्टिकच्या बाह्या लावल्या. आत चाचपडत रीळ गुंडाळून डबीत घातले. मग पंधरा दिवस दुरुस्तीवाल्याशेजारी बसून माझी एकेक पाती स्पिरिटने पुसली. चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

रीळ धुऊन आले. बहुतेक फोटो धुरकट, सहा स्पष्ट. सहाही फोटोंत मालकच, मशीनवर वाकलेले. ती कुठेच नव्हती.

"मला बघत बसायची," एवढेच ते म्हणाले.

लेकीने डोळे पुसले आणि सवयीने मोबाईल काढून त्यांचा फोटो घेऊ लागली. मालकांनी तिला मोबाईल खाली ठेवायला लावला.

"तूही आईसारखीच मागं राहशील. चल, समोर उभी राहा."

माझ्यात नवे रीळ पडले. पहिला फोटो काळाकुट्ट निघाला, दुसऱ्यात लेकीचे डोके कापले गेले.

"बाबा, माप चुकलं."

"चुकलं तर उसवायचं आणि परत शिवायचं."

आता ते रोज सकाळी खिडकीशी मला डोळ्याला लावून अंतर जुळवण्याचा सराव करतात.

मित्रांनो, माझ्यासारख्याला तेल नको, कोरडे फडके पुरे. आणि तुमच्या घरात सगळ्यांचे फोटो काढणारे जे कोणी असेल, त्याला एकदा पुढे बोलवा. आज बोलवा.

लेकीचा चांगला फोटो अजून एकही निघालेला नाही.