उजव्या वल्ह्याचा सोबती

“काका, नव्वदाचे चार केलेत! आता माणसाला जांभई द्यायलाही सवड उरली नाही,” आकडेवारी सांभाळणारी मुलगी खुर्ची फिरवून म्हणाली.

“जांभई देणारा खेळाडू परत येत नाही,” विभागप्रमुखांनी गंभीरपणे सांगितले आणि सगळे हसले.

काकाही हसले. मोबाइलवरच्या ज्या खेळात खेळाडूंच्या जोड्या लावण्याचे काम त्यांच्याकडे होते, त्यात एका होडीत दोन अनोळखी माणसे बसत. एकाच्या हाती डावे वल्हे, दुसऱ्याच्या हाती उजवे. नाव-गाव विचारण्याची सोय नव्हती, संभाषण नव्हते. होती ती केवळ एक शिटी. पूर्वी सोबत्यासाठी नव्वद सेकंद तिष्ठावे लागे. काकांच्या नव्या रचनेने देशोदेशीचे खेळाडू एकाच रांगेत आणले, आणि ज्याला त्याला तुल्यबळ सोबती चार सेकंदांत लाभू लागला. होडी अर्ध्यावर सोडणाऱ्यांसाठी त्यांनी एक कठोर नियमही जोडला होता. वीसदा सोडली, की दार कायमचे बंद.

संध्याकाळी ते घरी परतले तेव्हा पत्नी उशीला टेकून बसली होती. व्याधीने तिचे सांधे एकेक करून आखडत गेले होते. आता डाव्या हाताचा अंगठा तेवढा आज्ञेत राहिला होता.

“अहो, तुमच्या त्या खेळाला झालंय तरी काय? उजवा येतच नाही हो. अठरा दिवस झाले.”

उजवा म्हणजे तिचा सोबती. तीन वर्षे, रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, दोघे रांगेत उभे राहत. त्या वेळी माणसे मोजकीच असत, म्हणून यंत्र त्यांनाच एकत्र बसवी. तिचे वल्हे मागे पडले की तो थांबे. होडी काठाला लागली की तो दोन शिट्या वाजवी. तीही दोन वाजवी.

“गेला असेल कुठे बाहेरगावी,” काका म्हणाले.

“आणि आजारी असला तर? बाकीच्यांना धीरच नाही मेल्यांना. मी मागे पडले की उतरून जातात. मग होडी नुसती गोल गोल फिरते.”

काकांच्या हातातला पेला ओठांपाशीच थांबला. नवी रचना लागू होऊन अठराच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदी उघडल्या. तिची गुणसंख्या दोघांनी मिळून संपादिली होती. यंत्राने ती तिच्या एकटीची मानून तिला बलवान वल्हेकऱ्यांत बसविले होते. उजव्याचा केवळ एक क्रमांक होता. नव्या रचनेच्या पहिल्याच दुपारी तो बारा वाजून दहाला आला होता. अनोळखी सोबती मिळाला, तो उतरला. पुन्हा आला, पुन्हा उतरला. तो खेळत नव्हता, शोधत होता. बारा वाजून तेविसाव्या मिनिटाला, विसाव्या खेपेस, दार बंद झाले होते.

काकांनी शिक्षा रद्द केली आणि बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“उजव्याला मी बाहेर काढला,” घरी येऊन त्यांनी सांगितले. “नियमानं. नियम माझाच.”

“काय केलं होतं त्यानं?”

“तुला शोधत होता. वीसदा उतरला.”

“आणि आता?”

“शिक्षा उठवलीय.”

“त्याला कळवलंत?”

“दार बंद झालं, की पत्ता पुसून टाकतो आम्ही. क्रमांक तेवढा उरतो.”

“फार नेटकं काम आहे हो तुमचं,” ती म्हणाली.

शनिवारी सुट्टी होती. बाराच्या सुमारास काकांनी तिच्या पाठीशी उशी नीट लावली, खेळाचा पडदा तिच्या अंगठ्यापाशी आणला. बारा वाजून दहाला तिने कळ दाबली. चौथ्या सेकंदाला कोणी एक होडीत बसले. त्याने उजवे वल्हे तीन-चारदा वेगाने मारले, क्षणभर वाट पाहिली आणि उतरून गेले.

तिने दोन शिट्या वाजविल्या.

“बंद करू का?”

“राहू द्या. तो यायचा आणि मी नसायची.”

तो आला, तरी देशोदेशीच्या हजारोंच्या या रांगेतून तिच्या होडीपर्यंत पोहोचणार नाही, हे काका जाणून होते. ते पलंगाच्या कडेला बसले. तिचा अंगठा संथपणे डावे वल्हे मारीत होता, आणि तळ्याच्या मधोमध रिकाम्या आसनाची होडी आपल्याच भोवती वळत राहिली.