पूर्णविराम मेहकरला उतरायचा

मित्रांनो, मी एक जुना पिपा आहे, खामगावच्या तेलगिरणीतला. अंगावर गंज आणि पोटात अख्खी कादंबरी. हसू नका. तेल संपलं की लोक असल्या पिपात ज्वारी भरतात, नाहीतर फुलझाड लावतात. मला बुलढाण्याच्या इंद्रभानजींनी नेलं आणि माझ्यात कागद भरले.

इंद्रभानजी दिवसा कोर्टात कारकून, संध्याकाळी कादंबरीकार. ते लिहायला शिकले वडिलांच्या आंबेडकरी जलशात आणि बसस्टँडच्या बाकावर. जलशात एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब उचलायचा. स्टँडवर गोष्ट ऐन रंगात यायची आणि सांगणाऱ्याची गाडी लागायची. तसंच त्यांनी लिहिलं. त्यांचं वाक्य चिखलीच्या गाडीत चढायचं आणि पूर्णविराम मेहकरला उतरायचा. त्यांची पहिली कादंबरी दोन्हीकडून सुरू व्हायची. ती वाचताना एका मास्तरांची मधल्या पानावर स्वतःशीच गाठ पडली म्हणे. पुण्यात सत्कार झाला. शाल त्यांना, नारळ माझ्यात.

शेवटची कादंबरी सुट्या पानांची. नंबर नाहीत. दर पानावर एक अर्धी गोष्ट, खाली कोरी जागा. ती माझ्यात ठेवून ते गेले.

मुलीने, महामायाने, पानं फरशीवर मांडली. प्रकाशकाचा व्हॉट्सॅपवर निरोप होता: क्रम लावून द्या, तरच छापू. बापाचं नाव राहावं म्हणून ती पेन घेऊन बसली.

"आई, हे पान कुठं बसते, ऐक बरं."

बेबीताईंनी नवऱ्याची एक ओळही कधी ऐकली नव्हती. आता ऐकता ऐकता त्यांचा भाजी निवडता हात थांबला.

"हे तं माही गोष्ट व्हय. लग्नाआधीची. स्टँडवर त्यायले सांगून राह्यली होती, अन् बस आली."

"मंग पुढं काय झालं?"

"त्यायनं कधी इचारलंच नाही. मले वाटे, इसरले."

महामायाने त्या पानाखालच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. पुस्तक छापलं गेलं नाही.

मग बेबीताई रोज एक पान काढायच्या, स्वतःची असो की दुसऱ्याची, राहिलेली गोष्ट मोठ्याने पुरी करायच्या. ऐकायला मी. पत्र्याला कान नसतात म्हणतात, म्हणू द्या.

आता महामाया नोकरीवर दूर आहे. बेबीताईंना अक्षर दिसत नाही. कुणी वाचून दाखवेल म्हणून त्या पान हातात धरून बसतात, अंधारलं की परत ठेवतात.

मित्रांनो, मला रंग नको, कल्हई नको. झाकण मुद्दाम ढिलं ठेवलंय. बुलढाण्याला आलात, तर एक बस चुकवा.