पाणी दाराकडे

भांडी घासायच्या जागेचं नवं काँक्रीट पाहिलं आणि चंपत रामटेकेला कळलं, बबलू ठेकेदारानं गाढवपणा केला आहे. नालीची जाळी सगळ्यात उंच बसली होती.

रिसालीच्या या बुद्धविहारात भोजनदान असलं की चंपतची बायको पंचफुला मागच्या अंगणात भांडी घासायला बसायची. पायाखाली सगळं पाणी तुंबलेलं. ती वारली तेव्हासुद्धा तिच्या पायांच्या बोटांतल्या चिखल्या बऱ्या झालेल्या नव्हत्या. तिच्या नावानं बायांसाठी कोरडी जागा बांधायचं कमिटीनं ठरवलं. ड्रॉइंग चंपतनंच काढलं. स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यानं जन्मभर तेच केलं होतं.

"बबलू, बाण कोणीकडे दाखवला होता मी?"

"नालीकडे, काका."

"मंग?"

"मंग नालीकडे चढ दिला ना. हथखोजच्या कारखान्यांत एवढे रॅम्प बनवले मी. गाडी जिकडे चढते, तिकडे बाण."

"इथं ट्रक चढवाचा हाय का बे? फरशीवरचा बाण पाणी जाते तिकडे असते. अन् बाण नाही समजला, तर उंचीचे आकडे होते. दाराशी २९८.४५०, नालीशी २९८.३७५. कमी कुठं हाय?"

"दोनों तरफ दो सौ अट्ठानबे ही तो है. पॉइंट के बाद का कौन पढ़ता है, काका?"

"पाणी वाचते."

कमिटीचे अध्यक्ष भैय्याजी मेश्राम दारात येऊन उभे राहिले. त्यांना फक्त रविवारचं उद्घाटन दिसत होतं. "चंपतभाऊ, आता कावून फोडाफोडी करता? उन्नीस-बीस चालते. पाणी लोटाले एक वायपर ठेवून देऊ."

नळाखालची भरलेली बादली उचलून चंपतनं जाळीजवळ ओतली. पाणी जाळीकडे फिरकलंसुद्धा नाही. सरळ दाराकडे निघालं आणि भैय्याजींच्या पायांवरून बाहेर गेलं. पंचफुलासोबत भांडी घासणारी गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसली.

"भैय्याजी, नाली तं तुमच्या चपलेत निंगाली!"

भैय्याजींनी एक पाय झटकला. "हसाची गोष्ट नाही, बाई. पत्रिका वाटून झाल्या. पंचफुलाबाईंचं नाव छापून झालं."

"मंग ते नाव आता वायपरवर लिवा," चंपत म्हणाला.

"असं काय बोलता? आम्ही तं मान देऊन राहिलो."

"मान! ती पाण्यात बसली तवा तुम्ही पंगतीत बसून भाजी वाढा म्हणत होते. आता तिच्या नावाखाली गिरजाबाईला पाण्यात बसवता. वरून माह्या हातानं रिबन कापवता."

असल्या लोकांशी आवाज चढवायचीही त्याला लाज वाटली. पंचफुलाच्या नावाचा काळा दगड भिंतीला टेकवून ठेवला होता, लावायचा बाकी होता. तो त्यानं उचलला आणि छातीशी धरला.

"अहो, दगड कुठं नेता?"

"घरी. हे फोडा, उतार नीट करा, पाणी जाळीत गेलं की मले बोलवा. तवा आणतो."

"अन् रविवारी?"

"रविवारी तुम्ही वायपर मारा."

बाहेर येऊन त्यानं दगड स्कूटरवर पायांपुढं उभा केला, गुडघ्यांत धरला आणि हळूहळू सेक्टरमधल्या घराकडे निघाला. पंचफुला नेहमी मागं बसायची. त्याच्या आधी तिला खड्डा दिसायचा आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर यायचा. आता खड्डे त्यालाच बघावे लागत होते.